छोटा कॅमेरा आणि प्रवासी ट्रायपॉड: उभारणीपासून निगेपर्यंत

खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याचं वजन साधारण २०० ते ३५० ग्रॅम. एवढ्याशा वजनाला तीन पायांचा आधार कशाला, असं वाटणं साहजिक आहे. उत्तर शटरच्या वेळेत आहे. दिवेलागणीनंतर हातात धरून काढलेला फोटो ३२०० आयएसओवर (सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) १/१५ सेकंदात निघतो आणि त्यात सगळीकडे दाणे दिसतात. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) तेच ठेवून आयएसओ १०० केला, तर शटर २ सेकंद उघडं ठेवावं लागतं. २ सेकंद हात स्थिर राहत नाही, ट्रायपॉड राहतो. छोट्या सेन्सरचा दुबळेपणा मुख्यतः जास्त आयएसओवर उघडा पडतो. १०० आयएसओवर तोच सेन्सर चांगलं काम करतो. म्हणून ट्रायपॉडचा फायदा मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा छोट्या कॅमेऱ्याला जास्त जाणवतो.

पण हलक्या कॅमेऱ्याला हलका ट्रायपॉड जोडला की सगळंच हलकं होतं. जड कॅमेरा स्वतःच्या वजनाने पाय जमिनीवर दाबून धरतो, छोटा कॅमेरा तसं करत नाही. एक किलोचे पाय आणि वर ३०० ग्रॅमचा कॅमेरा ही रचना वाऱ्याच्या झुळकेने, पायाच्या धक्क्याने, इतकंच काय, शटरवर बोट टेकवल्यानेही हलते. पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना या एकाच गोष्टीभोवती आहेत: वजन नाही, म्हणून स्थिरता उंची कमी ठेवून, पाय फाकवून आणि हात कॅमेऱ्यापासून लांब ठेवून मिळवायची.

कोणता ट्रायपॉड पुरतो

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. टेबलावर ठेवायचा मिनी ट्रायपॉड १५ ते २५ सेंटिमीटर उंचीचा असतो. वळणाऱ्या पायांचा ट्रायपॉड कठड्याला किंवा फांदीला गुंडाळता येतो. तिसरा पूर्ण उंचीचा प्रवासी ट्रायपॉड. त्याचे पाय उलटे फिरवून डोक्याभोवती, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसतो त्या भागाभोवती, मिटतात, त्यामुळे मिटल्यावर लांबी ३० ते ४० सेंटिमीटर आणि वजन ८०० ग्रॅम ते सव्वा किलो एवढंच राहतं.

वळणाऱ्या पायांचा प्रकार दिसायला गमतीचा असला तरी सावध राहा. त्याचे सांधे वापरून सैल होतात आणि एक्स्पोजर चालू असतानाच कॅमेरा हळूच खाली झुकतो. कमरेएवढा कठडा किंवा सपाट दगड जवळ असण्याची शक्यता असेल, तर जाड, सरळ पायांचा मिनी ट्रायपॉड त्याहून भरवशाचा.

पूर्ण उंचीचा घेताना जाहिरातीतल्या कमाल उंचीकडे पाहू नका. मधला दांडा पूर्ण खाली असताना उंची किती, ते विचारा. छोट्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा मागच्या पडद्यावर पाहूनच फोटो काढतात, डोळा लावायचा नसतो. त्यामुळे छातीपर्यंतची उंची पुरते. पडदा वर झुकणारा असेल तर कमरेपर्यंतचीही चालते.

पायाचे ४ भाग असणं ही चांगली तडजोड. ५ भागांचा ट्रायपॉड जास्त आखूड मिटतो, पण त्याचा शेवटचा भाग बोटाहूनही बारीक असतो आणि सगळी थरथर तिथूनच सुरू होते. कार्बन फायबरचे पाय त्याच मापाच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा हलके आणि थंडीत हाताला कमी गार लागतात. एवढ्या लहान ट्रायपॉडमध्ये वजनातला हा फरक काही शे ग्रॅमचाच असतो.

‘इतके किलो पेलतो’ हा आकडा बाजूला ठेवा. ट्रायपॉड किती वजनाला मोडत नाही एवढंच तो सांगतो, किती स्थिर राहतो हे सांगत नाही. त्यापेक्षा ही चाचणी करा. कॅमेरा लावा, झूम पूर्ण वाढवा, पडद्यावर लांबची एखादी उभी कडा आणा आणि ट्रायपॉडच्या पायावर बोटाने हलकेच टिचकी मारा. कडा एका सेकंदात शांत झाली तर उत्तम. तीन सेकंदांनंतरही डुलत असेल, तर त्या उंचीवर तो ट्रायपॉड वापरण्याजोगा नाही. शेवटचा भाग मिटवून चाचणी पुन्हा करा. बहुतेक वेळा फरक लगेच दिसतो.

प्लेट लावणं: छोट्या कॅमेऱ्याची खरी अडचण इथे आहे

प्लेट म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने लावायची आणि ट्रायपॉडच्या डोक्यावरच्या पकडीत बसणारी चपटी पट्टी. कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेलं आट्यांचं भोक जवळजवळ सगळीकडे सारखंच असतं: १/४ इंच व्यास आणि इंचाला २० आटे. ट्रायपॉडचं डोकं आणि पाय जिथे जोडले जातात, तिथे बऱ्याचदा ३/८ इंचाचा जाड स्क्रू असतो. त्याचा कॅमेऱ्याशी संबंध नाही. मोठा स्क्रू छोट्या भोकात बसवायची जबरदस्ती करू नका.

स्क्रूची लांबी तपासा. अनेक छोट्या कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ५.५ मिलिमीटरपेक्षा लांब स्क्रू लावू नये, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. प्लेटच्या रबराच्या वर स्क्रू किती येतो, ते पट्टीने मोजा. जास्त लांब स्क्रू आत टेकला तर पोकळीचं तळ फुटतं. आणि टेकूनही प्लेट सैल वाटते म्हणून माणूस आणखी पिळतो, तेव्हा नुकसान पक्कं होतं. अशा वेळी स्क्रू आणि कॅमेरा यांच्यामध्ये पातळ रबरी चकती घाला.

स्क्रू आधी बोटाने फिरवा. आटे सरळ बसले तर तो सहज आत जातो. सुरुवातीलाच अडला तर तिरका लागला आहे, म्हणून काढून पुन्हा लावा. शेवटी नाण्याने किंवा प्लेटच्या कडीने पाव फेरा आवळला की पुरे. छोट्या कॅमेऱ्याचं बूड पातळ असतं आणि काहींची पोकळी प्लॅस्टिकच्या सांगाड्यात बसवलेली असते, त्यामुळे त्याहून जास्त जोर नको.

आता तीन गोष्टी पाहा. पहिली, बॅटरीचं झाकण. छोट्या कॅमेऱ्यात ते स्क्रूच्या भोकाला इतकं चिकटून असतं की प्लेट लावली की झाकण उघडत नाही आणि दर वेळी बॅटरी किंवा कार्ड बदलताना प्लेट काढावी लागते. अरुंद प्लेट घेतली किंवा प्लेट आडवी न लावता उभी फिरवली, तर कधी कधी झाकण मोकळं राहतं. ते जमत नसेल तर भरलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड घालूनच कॅमेरा ट्रायपॉडवर चढवा.

दुसरी, लेन्स. कॅमेरा चालू केला की लेन्सची नळी पुढे येते, आणि काही कॅमेऱ्यांत ती बुडाच्या अगदी लगत असते. रुंद प्लेट पुढे डोकावत असेल तर नळी तिला घासते आणि मोटर अडकून चूक दाखवते. प्लेट लावल्यावर पहिल्यांदा कॅमेरा हातात धरून चालू करा आणि झूम दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा.

तिसरी, मागचा पडदा. प्लेट मागे आली तर पडदा खाली झुकत नाही, काही मॉडेलांत बाहेर निघतच नाही.

स्क्रूचं भोक लेन्सच्या बरोबर खाली नसून एका बाजूला असणंही छोट्या कॅमेऱ्यात नेहमीचं आहे. रोजच्या फोटोला त्याने काही बिघडत नाही. पॅनोरमात मात्र बिघडतं, ते पुढे येईलच.

सुमारे ३८ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडा तिरक्या असलेली प्लेट, जिला आर्का प्रकार म्हणतात, ती शक्यतो घ्या. ती हरवली तर दुसरी मिळणं सोपं जातं. एखाद्या कंपनीची स्वतःची वेगळ्याच मापाची प्लेट प्रवासात हरवली, तर पूर्ण ट्रायपॉड निरुपयोगी होतो.

उभारणी, क्रमाने

१. आधी जागा ठरवा. कॅमेरा हातात धरूनच वाकून, बसून, दोन पावलं पुढेमागे होऊन पाहा. चौकट पक्की झाल्यावरच ट्रायपॉड पिशवीतून काढा. आधी ट्रायपॉड उभा केला की माणूस त्याच जागी अडकतो आणि फोटो ट्रायपॉडच्या सोयीने निघतो.

२. उलटे मिटलेले पाय खाली आणा. प्रत्येक पायाच्या मुळाशी कोन ठरवणारा खटका असतो, तो ‘टक्’ असा बसला आहे ना, तिन्ही ठिकाणी पाहा. एक खटका अर्धवट राहिला तर भार पडल्यावर तो पाय अचानक बाहेर घसरतो. ट्रायपॉड पडण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

३. पाय लांब करताना सर्वांत वरचा, जाड भाग आधी उघडा. उंची कमी पडली तरच खालचे बारीक भाग. पिळून उघडायची लॉक असतील तर मिटलेल्या पायाची सगळी लॉक एकाच मुठीत धरून अर्धा फेरा फिरवली की एकदम सुटतात. आवळताना मात्र एकेक करून, वरून खाली. अपवाद चिखल, वाळू आणि पाण्याचा. तिथे सर्वांत खालचा भाग आधी पूर्ण काढा, म्हणजे लॉकचे सांधे चिखलापासून वर राहतात.

४. एक पाय लेन्सच्या दिशेने पुढे ठेवा. मागे दोन पायांच्या मध्ये तुम्हाला उभं राहायला जागा मिळते आणि पाय अडखळत नाही. उतारावर मात्र दोन पाय उताराकडे आणि एक चढाकडे.

५. पाय कमीजास्त करून डोक्याखालचा भाग शक्य तेवढा सपाट करा. बॉल हेडने, म्हणजे गोळ्यावर फिरणाऱ्या डोक्याने, कॅमेरा सरळ करता येतो म्हणून तिरका ट्रायपॉड चालवून घेऊ नका. भार एका पायावर जातो आणि कॅमेरा आडवा फिरवला की क्षितिज कलतं.

६. आता वरून तळव्याने दाबा. एखादं लॉक सैल असेल तर पाय आत सरकेल. कॅमेरा चढवायच्या आधी सरकलेला बरा.

७. कॅमेऱ्याची प्लेट पकडीत बसवा, पकड आवळा आणि कॅमेरा सोडण्यापूर्वी तो वर ओढून पाहा. गळ्यातला पट्टा हातात धरूनच हे करावं.

८. पट्टा काढा किंवा ट्रायपॉडच्या डोक्याभोवती गुंडाळा. मोकळा लोंबणारा पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि ३०० ग्रॅमच्या कॅमेऱ्याला तेवढा धक्का पुरतो.

मधला दांडा सगळ्यांत शेवटी, आणि तोही नाइलाज असेल तेव्हाच. दांडा २० सेंटिमीटर वर काढला की तीन पायांवरचा ट्रायपॉड एका काठीवर आला असं समजा. शिवाय दांड्याचं लॉक सैल राहिलं तर तो हळूहळू फिरतो आणि क्षितिज दर फोटोत वेगळं येतं.

दांड्याच्या खाली हुक असेल तर पिशवी लटकवता येते, पण अधांतरी नको. लटकणारी पिशवी झोके घेते आणि ते झोके कॅमेऱ्यापर्यंत पोचतात. पिशवीचं बूड जमिनीला जेमतेम टेकेल एवढ्या उंचीवर अडकवा. एक-दोन किलोंनी छोट्या ट्रायपॉडमध्ये लक्षणीय फरक पडतो. हुक नसेल तर दांड्याला दोरीचा फास घालून तेच साधता येतं.

बॉल हेडची चाकं

बऱ्याच बॉल हेडवर दोन किंवा तीन चाकं असतात. मोठं चाक गोळा आवळतं. खालचं छोटं चाक डोकं फक्त आडवं फिरू देतं. तिसरं असलं तर ते घर्षणासाठी असतं, म्हणजे मोठं चाक पूर्ण सोडलं तरी कॅमेरा धपकन पडू नये इतकी ओढ त्याने ठेवता येते. छोट्या कॅमेऱ्यासाठी ही ओढ अगदी थोडी लागते. जास्त ठेवली तर कॅमेरा हलवताना पायच उचलले जातात.

मोठं चाक आवळताना चौकट थोडी सरकते. छोट्या, स्वस्त डोक्यांत हे हमखास होतं. झूम पूर्ण असताना हा सरकणारा अंश पडद्यावर चौकटीच्या पाव भागाएवढाही दिसतो. म्हणून आवळताना पडद्याकडेच पाहा, चौकट किती आणि कुठल्या दिशेला सरकते ते लक्षात घ्या आणि पुढच्या वेळी तेवढी वर धरून आवळा.

उभ्या फोटोसाठी डोक्याला एका बाजूला खाच असते. कॅमेरा त्या खाचेत आडवा झाला की त्याचा भार ट्रायपॉडच्या मध्यापासून बाजूला जातो. खाच नेहमी एखाद्या पायाच्या बरोबर वर येईल अशी फिरवा. दोन पायांच्या मधल्या रिकाम्या बाजूला कॅमेरा झुकवला तर हलका ट्रायपॉड उलटतो.

कॅमेऱ्याची मांडणी

सुरुवात ऊर्जाबचतीपासून करा. छोटा कॅमेरा एक-दोन मिनिटांत आपोआप बंद होतो, लेन्स आत जाते आणि पुन्हा चालू केल्यावर झूम रुंद टोकाला आणि फोकस मूळ पदावर गेलेला असतो. पाच मिनिटं खपून बसवलेली चौकट गेली. मेनूत बंद होण्याची वेळ ५ मिनिटं किंवा त्याहून जास्त करा. झूमची जागा लक्षात ठेवण्याची सोय असेल तर तीही चालू करा.

हलती प्रतिमा सावरणारी यंत्रणा, म्हणजे स्टॅबिलायझेशन, ट्रायपॉडवर बंद करावी. हात हलत नसतानाही ती हालचाल शोधत राहिली तर लांब एक्स्पोजरमध्ये प्रतिमा किंचित भरकटते. काही कॅमेरे ट्रायपॉड ओळखून ती आपोआप थांबवतात. तुमचा कॅमेरा काय करतो हे घरीच पाहता येतं: एकाच चौकटीचे २ सेकंदांचे चार फोटो यंत्रणा चालू ठेवून आणि चार बंद ठेवून काढा, मग मोठे करून तुलना करा. ट्रायपॉड वाऱ्यात डुलत असेल आणि शटर १/३० च्या आसपास असेल, तर मात्र ती चालू ठेवलेली बरी.

शटर बोटाने दाबलं की कॅमेरा हलतोच. २ सेकंदांचा टायमर हा त्यावरचा साधा उपाय. पाय बारीक असतील किंवा झूम पूर्ण असेल तर २ सेकंद कमी पडतात, मग ५ किंवा १० सेकंदांचा घ्या. मोबाइल अ‍ॅपवरून शटर दाबता येतं, पण वायरलेस जोडणी छोट्या बॅटरीचा जीव लवकर संपवते, म्हणून ते गरजेपुरतंच. पडद्याला स्पर्श करून फोटो काढण्याची सोय ट्रायपॉडवर बंद करा.

लेन्स न बदलणाऱ्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत शटर लेन्समध्येच असतं आणि त्याचा धक्का जवळजवळ नसतोच. लेन्स बदलता येणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यात मात्र यांत्रिक पडद्याचा धक्का सुमारे १/१५ ते १/१२५ सेकंदाच्या टप्प्यात दिसू शकतो. तिथे पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवण्याचा पर्याय निवडा.

आयएसओ हाताने सर्वांत खाली ठेवा, १०० किंवा १२५. तो आपोआपवर सोडला तर कॅमेऱ्याला ट्रायपॉडचा पत्ता नसतो, तो बिनदिक्कत १६०० निवडतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

अ‍ॅपर्चरच्या बाबतीत मोठ्या कॅमेऱ्यांसाठी दिलेले सल्ले इथे लावू नका. ‘निसर्गदृश्याला एफ/११’ हे छोट्या सेन्सरवर चुकीचं ठरतं, कारण एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होतं आणि छिद्र लहान झालं की प्रकाश विखुरतो आणि सगळा फोटो मऊ पडतो. एक इंची सेन्सरवर एफ/४ ते एफ/५.६ ही चांगली जागा, एफ/८ ला मऊपणा जाणवू लागतो. त्याहून लहान सेन्सरवर एफ/४ च्या पुढे जाण्यात काही हशील नाही. खोलीची काळजी नको: २४ मिलिमीटरइतक्या रुंद कोनात, एक इंची सेन्सरवर, एफ/४ ला २ मीटरवर फोकस केला तर सुमारे एका मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं.

अंधारात आपोआप फोकस घोटाळतो. चौकटीतला सर्वांत उजळ काठ, म्हणजे दिव्याची कड किंवा खिडकीची चौकट, निवडून फोकस करा आणि मग फोकस हातावर टाकून तिथेच गोठवा. पडद्यावर प्रतिमा मोठी करून एकदा खात्री करा. झूम बदलला तर फोकसही पुन्हा.

काही नेहमीचे प्रसंग

वाहतं पाणी. पाण्याचे धागे दिसायला १/४ ते २ सेकंद लागतात. दिवसा इतका वेळ मिळत नाही, कारण छोट्या कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर फार बंद करता येत नाही. अनेक मॉडेलांत प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर आतच बसवलेला असतो, बहुधा ३ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, तीन म्हणजे आठवा हिस्सा). तो चालू केला की १/१५ सेकंदाचं १/२ सेकंद होतं. तेवढ्याने भागत नसेल तर सूर्य ढगाआड जाईपर्यंत किंवा संध्याकाळपर्यंत थांबा.

रात्रीची रस्त्यांची आणि इमारतींची दृश्यं. पूर्ण अंधार पडण्याआधीची वेळ गाठा, आकाशात निळा रंग शिल्लक असताना. १०० आयएसओ, एफ/४ आणि १ ते ८ सेकंद या टप्प्यात काम होतं. दिव्यांचे पांढरे डाग पडत असतील तर एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, सावल्या नंतर उचलता येतात. साध्या मॉडेलांत शटरची कमाल मर्यादा ४, ८ किंवा १५ सेकंदच असते, ती आधी पाहून ठेवा. लांब एक्स्पोजरनंतर कॅमेरा तितकाच वेळ अडकून राहिला तर बिघाड समजू नका. दाणे काढण्यासाठी तो शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळेचा दुसरा, काळा फोटो घेत असतो.

तारे. पृथ्वी फिरते, त्यामुळे फार वेळ शटर उघडं ठेवलं तर तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात. ५०० ला लेन्सच्या समतुल्य फोकल लांबीने (३५ मिलिमीटर फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबातला लेन्सचा आकडा) भागा: २४ मिलिमीटरला सुमारे २० सेकंद. फोटो मोठा करून पाहणार असाल तर ३०० ने सुरुवात करा, म्हणजे साडेबारा सेकंद. इथे मात्र आयएसओ १६०० ते ३२०० आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. सुरुवात करण्यापूर्वी मोठा, उजळ तारा पडद्यावर वाढवून हाताने फोकस करा.

चंद्र. लांब झूमच्या छोट्या कॅमेऱ्याला ट्रायपॉड हवा तो मुख्यतः चंद्र चौकटीत धरून ठेवायला. पूर्ण चंद्र उन्हात उजळलेली वस्तू आहे, त्याला लांब शटर लागत नाही. १०० आयएसओ, एफ/५.६ आणि १/४०० सेकंदापासून सुरुवात करा. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो काळं आकाश पाहून चंद्राचा पांढरा गोळा करतो. पूर्ण झूमवर चंद्र अर्ध्या मिनिटातच सरकलेला दिसतो, म्हणून त्याला चौकटीत थोडा मागे धरा आणि मग चाक आवळा.

पॅनोरमा. ट्रायपॉड पाणसळीत घ्या, कॅमेरा उभा करा, एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने बांधा, आणि फक्त खालचं छोटं चाक सोडून डोकं फिरवा. २४ मिलिमीटर समतुल्य कोनात कॅमेरा उभा असताना आडवं दृश्य सुमारे ५३ अंशांचं असतं. दर वेळी ३५ अंश फिरवलं की शेजारच्या फोटोंत तिसरा हिस्सा सामाईक राहतो आणि १८० अंश ५ ते ६ फोटोंत बसतात. स्क्रूचं भोक लेन्सखाली नसल्याने जवळच्या वस्तू फोटोगणिक मागच्या दृश्यापुढे सरकतात आणि जोडताना तुटतात. चौकटीत ३-४ मीटरच्या आत काही नसेल तर हा दोष सहसा दिसत नाही. कठडा किंवा जवळची फांदी टाळा.

स्वतःसह सगळ्यांचा फोटो. बऱ्याच कॅमेऱ्यांत टायमरचं बटण दाबतानाच फोकस ठरतो, वेळ संपल्यावर नाही. तुम्ही जिथे उभे राहणार तिथे आधीपासून कुणीतरी असेल तर त्याच्यावर फोकस करा. एकटे असाल तर तिथे पिशवी ठेवून तिच्यावर फोकस करा आणि तो बांधून टाका. १० सेकंदांनंतर लागोपाठ ३ फोटो काढण्याचा पर्याय असेल तर तोच निवडा. पहिल्या फोटोत कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच.

व्हिडिओ काढताना बॉल हेडवर कॅमेरा वरखाली फिरवण्याचा प्रयत्न सोडून द्या, तो झटके देतच फिरतो. आडवं फिरवायचं तर छोटं चाक किंचित सोडून, सावकाश. तेही जमेलच असं नाही.

जमीन आणि वारा

वाळूत पाय सावकाश बुडत राहतात आणि दहा मिनिटांत क्षितिज कलतं. पाय आधीच दाबून, हलवून, घट्ट थर लागेपर्यंत आत घाला. लाटा पायाशी येणार असतील तर प्रत्येक लाटेनंतर पाणसळ पाहा, कारण पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं. गवत आणि गालिचा वरून घट्ट वाटले तरी दबतात, म्हणून तिथे ट्रायपॉड रोवल्यावर जागचे हलू नका. तुमचं वजन सरकलं की पायही सरकतो. गुळगुळीत फरशीवर रबरी टोकं, मातीत आणि बर्फात टोकदार खिळे, दोन्ही सोबत मिळत असतील तर वापरा.

लाकडी फळ्यांचा पूल किंवा गच्ची ही कठीण जागा. कुणी चाललं, गाडी गेली की सगळा पूल थरथरतो आणि ट्रायपॉड ती थरथर इमानाने कॅमेऱ्यापर्यंत पोचवतो. वर्दळ थांबण्याची वाट पाहा. थांबतच नसेल तर खांबाच्या जवळ, जिथे पूल कमी हलतो, तिथे या, किंवा आयएसओ वाढवून शटर छोटं करा.

वाऱ्यात पहिला उपाय म्हणजे ट्रायपॉड खाली आणणं. शेवटचे भाग मिटवा, पाय दुसऱ्या कोनाच्या खटक्यावर फाकवा, स्वतः वाऱ्याच्या बाजूला बसा. दोन झुळकांच्या मधली शांत वेळ साधा आणि एकाच चौकटीचे चार-पाच फोटो काढा, त्यातला एक तरी बहुधा धारदार निघतो.

ट्रायपॉड उघडायला जागाच नसेल तर पाय एकत्र ठेवून त्याचा एकपायी आधार करा, किंवा मिनी ट्रायपॉडचे दोन पाय भिंतीला आणि एक छातीला टेकवून दाबून धरा. १/४ सेकंदापर्यंत हे चालून जातं. अनेक संग्रहालयांत आणि ऐतिहासिक वास्तूंत ट्रायपॉडला मनाई असते, तेव्हा प्रवेशद्वाराशीच विचारून घ्या.

फोटो अस्पष्ट आला तर कारण कसं ओळखायचं

फोटो १०० टक्के मोठा करा आणि एखादा ठळक प्रकाशबिंदू पाहा. तो एका दिशेने ताणलेला किंवा दुहेरी दिसला तर ट्रायपॉड हलला: वारा, बोट, थरथरती जमीन किंवा सैल लॉक. रेघ उभी असेल तर डोकं खाली झुकत आहे का ते पाहा, त्यासाठी पाच मिनिटांच्या अंतराने तीच चौकट पुन्हा काढून ताडा. बिंदू गोल पसरट असेल तर फोकस चुकला आहे. बिंदू धारदार पण बारीक पोत मऊ असेल तर अ‍ॅपर्चर फार बंद केलं आहे किंवा लेन्सवर दव साचलं आहे. रात्री उघड्यावर लेन्सवर दव साचणं नेहमीचं, दर पंधरा मिनिटांनी टॉर्चने तिरका प्रकाश टाकून काच तपासा. स्थिर वस्तू धारदार आणि पानं किंवा माणसं पुसट असतील, तर ट्रायपॉडचा दोष नाही. शटर छोटं करा.

पहिला फोटो चांगला आणि पुढचे हळूहळू सरकलेले असतील तर तीन ठिकाणं तपासा: मधल्या दांड्याचं लॉक, प्लेटचा स्क्रू, पायाच्या मुळाशी असलेला बोल्ट. छोट्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा प्लेटचा स्क्रू दोषी निघतो, कारण कॅमेरा वारंवार काढून घालताना तो सैल होतो.

निगा

खाऱ्या पाण्यातून किंवा वाळूतून आल्यावर पाय मिटवू नका. मिटवताना वाळूचे कण लॉकमध्ये ओढले जातात. आधी उघड्या स्थितीतच गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, सावलीत रात्रभर वाळू द्या.

पिळायची लॉक करकर वाजू लागली तर उघडून साफ करा. लॉकचं कडं पूर्ण फिरवून काढा आणि आतली नळी हळू बाहेर ओढा. नळीच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या दोन वाकड्या पट्ट्या असतात. त्या कुठल्या बाजूने आणि कशा बसल्या आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा, मगच काढा. एका वेळी एकच पाय उघडा, म्हणजे अडलात तर दुसरा पाय पाहून जोडता येतो. आटे जुन्या दात घासायच्या ब्रशने आणि कोमट पाण्याने साफ करा, कोरडे झाले की फक्त आट्यांवर पातळसं ग्रीस लावा. पट्ट्यांवर आणि नळीवर तेल किंवा ग्रीस लागता कामा नये. ती पकड घर्षणावरच चालते, ओशट झाली तर पाय भार पडताच आत सरकतो.

पायांच्या मुळाशी असलेले बोल्ट हेक्स किल्लीने काही महिन्यांनी आवळा. एक पाय बाहेर फाकवून सोडला तर तो जागीच राहायला हवा, पण हाताने सहज हलायलाही हवा. ती किल्ली, पाण्यात भिजणार नाही अशा पुडीत, एक जादा प्लेट आणि एक जादा १/४ इंची स्क्रू यांच्यासह ट्रायपॉडच्याच पिशवीत ठेवा.